नृत्यसंगीतांतील नाममुद्रा



इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत हा शब्द उच्चारतांच नागपुरांतील सुशिक्षित कुटुंबाच्या डोळ्यांपुढें पहिलें चित्र उभें राहतें तें मिरवणुकीचें. ट्रकवर ध्वनिक्षेपकांची भिंत रचलेली असते, तिच्यापुढें तरुणांचा जमाव नाचत असतो, आणि खिडक्यांचीं तावदानें थरथरूं लागलीं कीं घरांतील वडील माणूस उठून खिडकी लावून घेतो. तसें करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. परंतु त्या बंद खिडकीबाहेर आवाजाबरोबर एक माणूसही राहून जातो. तें संगीत ज्यानें रचलें तो माणूस. त्याला शोधावें कसें, आणि शोधावें तरी कशासाठीं, याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

आपल्या भाषेनेंच ह्या माणसाला कसें हरवून टाकलें आहे तें पाहा. ‘डीजे’ हीं ‘डिस्क जॉकी’ ह्या दोन शब्दांचीं आद्याक्षरें होत. तबकड्या निवडून, एकीचा ताल दुसरीच्या तालांत मिसळून, त्या अखंड वाजविणारा जो मनुष्य, तो डिस्क जॉकी. आज महाराष्ट्रांत लोक डीजे ‘लावतात’, डीजे भाड्यानें ‘आणतात’, आणि प्रसंगीं पोलीस डीजे ‘जप्त करतात’! मनुष्याची पदवी ध्वनिक्षेपकांच्या राशीला मिळाली आणि मनुष्य निनांवी झाला. पश्चिम महाराष्ट्रांत ह्याच राशीला ‘डॉल्बी’ म्हणतात. त्या नांवाची कथा तर अधिकच मौजेची आहे. रे डॉल्बी हे अमेरिकन शास्त्रज्ञ १९६३ ते १९६५ ह्या काळांत संयुक्त राष्ट्रांच्या वतीनें तांत्रिक सल्लागार म्हणून भारतांत होते. येथून गेल्यावर १९६५ सालीं त्यांनीं लंडनमध्यें आपली प्रयोगशाळा काढली आणि ध्वनिफितीवर येणारी खरखर कमी करण्याची युक्ति जगाला दिली. नको असलेला आवाज घालविण्यांत ज्यानें कीर्ति मिळविली, त्याचेंच नांव आपण गोंगाटाला देऊन बसलों आहोंत.

गोंगाटाचा प्रश्न खरा आहे आणि त्याला कायद्याचें उत्तरही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सरकारनें मुद्दाम सवलत दिलेले थोडे दिवस सोडले तर रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. ह्या नियमांची अंमलबजावणी व्हावी असें म्हणणाऱ्यांशीं माझा मुळींच वाद नाहीं. मात्र आवाज किती मोठा असावा हें ध्वनिक्षेपकाची कळ ठरविते. रचना चांगली कीं वाईट याचा निवाडा त्या कळीवरून होत नाहीं. एखाद्या थोर गवयाचा मालकंस त्याच भिंतींतून त्याच जोरानें सोडला तर आपण त्या वेळींही खिडकी लावूं. पण म्हणून मालकंसाला नांवें ठेवणार नाहीं. हाच न्याय ह्या नव्या संगीतालाही लावावयास हवा.

आतां हें संगीत रचलें कसें जातें तें थोडक्यांत पाहूं. चित्रपटाच्या व्यवहारांत प्रोड्यूसर म्हणजे पैसा घालणारा. ह्या संगीतांत प्रोड्यूसर म्हणजे स्वतः रचनाकार, वादक, ध्वनिमुद्रक आणि संपादक, सर्व एकाच आसनावर. पूर्वीं त्याच्या हातीं सिंथेसायझर आणि तालयंत्र असे. आतां बहुधा एक संगणक असतो. पायाला चार समान आघातांचा ठेका, मिनिटाला साधारण १२० ते १३० आघात. त्यावर खर्जाची एक आवृत्ति, तीवर दुसरी, मग तिसरी, असे थर चढत जातात. मध्येंच ठेका काढून घेतात, उत्कंठा ताणतात, आणि नेमक्या क्षणीं सारें एकदम परत आणून सोडतात. त्या क्षणाला इंग्रजींत ‘ड्रॉप’ म्हणतात. तिहाई घेऊन समेवर येणाऱ्या तबलजीची ज्याला गोडी आहे, त्याला हा आनंद परका वाटण्याचें कारण नाहीं. त्रितालाच्या १६ मात्रा ह्या ठेक्याच्या चार फेऱ्यांशीं बरोबर जुळतात. मिनिटाला १२५ च्या लयींत तें एक आवर्तन पावणेआठ सेकंदांच्या आंतच पुरें होतें. ‘सगळें एकसारखें वाजतें’ अशी तक्रार करणाऱ्यानें एकदां, मंद आवाजांत, ही आवर्तनें मोजून पाहावीं. कितव्या आवर्तनाला कोणता थर आला आणि कोणता गेला, हें ध्यानांत येऊं लागलें कीं रचनाकाराचा हात ओळखूं येतो.

असा हात ओळखणारा श्रोता वेळेवर न भेटल्यास काय होतें, याचें ठळक उदाहरण आपल्या मुंबईंतच घडलें. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसृष्टीच्या वाद्यवृंदांतील कसबी वादक. शंकर-जयकिशन, राहुल देव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासारख्या संगीतकारांकडे त्यांनीं वाजविलें. पण श्रेयनामावलींत अशा वादकांना सहसा जागा नसे. १९८२ सालीं त्यांनीं रोलँड ह्या जपानी कंपनीचीं तीन यंत्रें जोडलीं: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हें तालयंत्र आणि टीबी-३०३ हें खर्जाचे स्वर काढणारें छोटें यंत्र. ह्या तिघांच्या साह्यानें भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून त्यांनीं एक तबकडी काढली. टीबी-३०३ मध्यें एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय आहे. आपल्या मिंडीशीं तिचें जवळचें नातें असल्यामुळें राग वाजविण्यास ती उपयोगी पडली. तबकडी बाजारांत आली, फारशी खपली नाहीं, आणि विस्मृतींत गेली.

इकडे काय झालें? गिटारच्या साथीसाठीं काढलेलें तें टीबी-३०३ यंत्र ग्राहकांना रुचलें नाहीं आणि १९८४ सालीं कंपनीनें त्याचें उत्पादन थांबविलें. जुन्या मालाच्या दुकानांत तें स्वस्तांत मिळूं लागलें. अमेरिकेंत शिकागो येथील ‘फ्युचर’ ह्या नांवाच्या तरुणांच्या मेळानें त्याच्या कळा भलत्याच रीतीनें पिळून एक चमत्कारिक, ओला, किंचाळणारा स्वर काढला, आणि १९८७ सालीं ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी प्रसिद्ध केली. त्या स्वरानें पुढें युरोप खंडाचें नृत्यसंगीत पार बदलून गेलें. ‘ॲसिड हाउस’ असें त्या प्रकाराचें नांव पडलें. मुंबईची तबकडी त्याच्या पांच वर्षें आधींची. तीच यंत्रें, जवळजवळ तोच नाद. शिकागोच्या तरुणांना तिचा पत्ता नव्हता, हें खरेंच. परंतु आपल्यालाही नव्हता. २००२ सालीं एडो बाउमन नांवाच्या एका डच संग्राहकाला ती दिल्लींतील दुकानांत सांपडली. २०१० सालीं त्यांनीं ती आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ ह्या प्रकाशनातर्फें पुन्हां काढली. मग परदेशांतून निमंत्रणें आलीं, आणि सत्तरीच्या घरांत पोंचलेले चरणजित सिंग युरोपांत तेंच संगीत वाजवूं लागले. २०१५ सालीं मुंबईंत त्यांचें निधन झालें. त्यांच्या नशिबीं आलेलें हें कौतुक जेमतेम पांच वर्षांचें. आणि तें आलें एका परदेशी माणसानें दुकानांत धूळ झटकून तबकडीवरचें नांव वाचलें म्हणून.

दुसरें उदाहरण अहमदाबादचें. तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत १९६९ सालीं अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनीं मूग सिंथेसायझरसह एक ध्वनिकक्ष उभारला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदि मंडळींनीं तेथें १९७२ पर्यंत प्रयोग केले. त्या फिती संस्थेच्या संग्रहांत पडून राहिल्या. पॉल पर्गस ह्या लंडनच्या कलावंतानें त्या शोधून काढल्या, आणि त्यांतील निवडक रचना २०२३ सालीं प्रसिद्ध झाल्या. म्हणजे पन्नास वर्षांनीं! दोन्ही कथांत यंत्रें होतीं, बुद्धि होती, कष्ट होते. उणीव होती ती विचारपूस करणाऱ्या श्रोत्याची.

‘अंडरग्राउंड’ म्हणजे भूमिगत. भूमिगत म्हटलें कीं आपल्याला १९४२ चे कार्यकर्ते आणि उषा मेहता यांनीं मुंबईंत चालविलेलें गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र आठवतें. संगीतांत ह्या शब्दाचा अर्थ इतका गंभीर नाहीं. मोठ्या कंपन्यांच्या व्यापाराबाहेर, थोड्या प्रतींत, ओळखीओळखीनें पसरणारें तें भूमिगत संगीत. कोणी हौसेनें नांव लपवितो. इंग्लंडांत कोऱ्या पांढऱ्या चिठ्ठीच्या तबकड्या काढण्याची चालच होती. कोणाला नांव छापण्याचें साधनच नसतें. गोव्यांतील हणजूणच्या किनाऱ्यावर एकोणीसशें नव्वदच्या सुमारास उन्हाच्या तापानें तबकड्या वांकड्या होत, म्हणून वादक डिजिटल फिती वापरीत. नवीन रचना प्रकाशित होण्यापूर्वींच फितींवरून हातोहात फिरे. ह्यांतूनच ‘गोवा ट्रान्स’ हा प्रकार जगभर गेला. गोवा गिल ह्या नांवानें प्रसिद्ध असलेले वादक, जे २०२३ सालीं वारले, ते ह्याच परंपरेंतले. तेव्हां नवें संगीत शोधणें म्हणजे फीत बाळगणाऱ्या माणसाची ओळख काढणें.

आज शोधाची रीत बदलली आहे, पण तत्त्व तेंच आहे: नांवाचा धागा सोडूं नये. एका ध्वनिमुद्रणाला निदान चार नांवें चिकटलेलीं असतात. रचनाकाराचें, गायकाचें, जुन्या रचनेला नवें रूप देणाऱ्या रीमिक्सकाराचें, आणि प्रकाशनसंस्थेचें म्हणजे लेबलचें. ह्यांपैकीं एकाचें बोट धरावें. समजा, टॅल्विन सिंग यांनीं संपादिलेला १९९७ सालचा ‘अनोखा’ हा संग्रह कोणी ऐकला. लंडनमधील ब्रिटिश-आशियाई तरुणांनीं तबला आणि यंत्रताल यांची जी सांगड घातली, तिला ‘एशियन अंडरग्राउंड’ म्हणत, एवढें त्यावरून कळतें. त्या नांवाच्या मागोमाग गेल्यास न्यूयॉर्कचे कर्ष काळे भेटतात. इंग्लंडांत जन्मलेल्या आणि अमेरिकेंत वाढलेल्या ह्या मराठी कुटुंबांतील कलावंताची ‘रिअलाइझ’ ही तबकडी २००१ सालची. कर्ष काळे यांच्यावरून ‘तबला बीट सायन्स’ ह्या मेळापर्यंत पोंचावें, तर तेथें झाकिर हुसेन यांचें नांव दिसतें, आणि आपण पुन्हां ओळखीच्या अंगणांत येऊन उभे राहतों.

दुसरा मार्ग लहान लेबलांचा. लहान लेबल म्हणजे एका माणसाची आवड असते. त्याचें एक प्रकाशन आवडलें तर बाकीचीं चाळून पाहावीं. तिसरा मार्ग रेडिओचा. बीबीसीचा ‘इसेन्शियल मिक्स’ हा कार्यक्रम १९९३ पासून चालू आहे, आणि दिल्लींत २०१७ सालीं ‘बॉक्सआउट’ हें इंटरनेटवरील केंद्र निघालें. एखादा वादक तास दोन तास अखंड रचना वाजवितो आणि बहुधा त्यांची यादीही मिळते. त्या यादींतील अनोळखी नांवांवर खूण करावी. चौथा मार्ग थेट खरेदीचा. २००८ साली निघालेल्या ‘बँडकॅम्प’सारख्या ठिकाणीं कलावंत स्वतःच्या रचना स्वतः विकतो, आणि आपण दिलेल्या पैशांतील मोठा वांटा त्याच्याच हातीं पडतो. एका सिनेमाच्या तिकिटाच्या किंमतींत एखाद्या अज्ञात तरुणाला हुरूप येतो, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. यंत्र आपल्या आवडीवरून जें सुचवितें, त्यावर मात्र सर्वस्वीं विसंबूं नये. कारण काल जें ऐकलें त्याच्यासारखेंच तें आज पुढें करतें, आणि नवीन तें बाजूलाच राहतें.

मराठी शब्दांनाही ह्या संगीतांत आतां जागा मिळूं लागली आहे. क्रॅटेक्स ह्या नांवानें रचना करणारा तरुण आणि गायक श्रेयस यांचें ‘तांबडी चामडी’ हें गाणें २०२४ सालीं नेदरलँड्समधील स्पिनिन रेकॉर्ड्स ह्या बड्या नृत्यसंगीत-लेबलनें प्रकाशित केलें. हाउस संगीताच्या ठेक्यावर रांगडी मराठी बोली परदेशांत वाजली, आणि रचनाकाराचें नांव तिच्याबरोबर गेलें. हें घडूं शकलें, कारण तेथें लेबल होतें, करार होता, नांव छापण्याची जागा होती.

आपल्या नागपुरांत मिरवणुकींत जें वाजतें, त्याला ह्यांपैकीं कांहींच नसतें. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, गणेशविसर्जन, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतींची मिरवणूक, ह्या प्रत्येक प्रसंगासाठीं दरसाल नव्या रचना तयार होतात. कोणी तरुण रात्रीं जागून, घरच्या संगणकावर, जुन्या भीमगीताला नवा ठेका बसवितो. कोणी संदलच्या किंवा ढोलाच्या नादावर खर्जाचा थर चढवितो. ती रचना मोबाईलवरून मोबाईलवर जाते, मिरवणुकींत हजारों लोक तिच्यावर नाचतात, आणि पुढच्या वर्षीं दुसरी येते. मूळ गीताचे हक्क दुसऱ्याचे असल्यामुळें यूट्यूबवर चढविलेली अशी रचना केव्हां काढून टाकली जाईल याचा नेम नसतो. संगणकाची डिस्क बिघडली कीं मूळ प्रतही गेली. चरणजित सिंग यांची निदान तबकडी तरी शिल्लक होती. ह्यांची तेवढीही राहणार नाहीं.

मूळ गीतकाराच्या हक्काचा प्रश्न येथें डावलून चालणार नाहीं. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या कवीनें आयुष्य वेंचून लिहिलेल्या गीतावर कोणी नवा ठेका चढवीत असेल, तर पहिला मान कवीचा आणि मूळ गायकाचा. पण नांव पुसण्याची खोड एकदां लागली, कीं ती दोघांनाही पुसते. नाचणाऱ्याला नवा रचनाकार ठाऊक नसतो आणि जुना कवीही ठाऊक नसतो. म्हणून एकाची विचारपूस सुरू झाली तर दुसऱ्याचीही आपोआप होईल.

ह्या रचनांत एक गोष्ट आपण नेहमीं ऐकतों आणि तिच्यावर चिडतों. गाणें रंगांत आलें असतां मध्येंच एक भारदस्त आवाज कोणा तरी ‘डीजे’चें नांव घोषित करतो. कानाला हें खटकतें, याबद्दल शंका नाहीं. तरी थोडा विचार करावा. आपल्या संतांनीं अभंगाच्या शेवटच्या चरणांत आपलें नांव गुंफलें, शाहिरांनीं पोवाड्याच्या अखेरीस गुंफलें, आणि वामनदादांनींही आपल्या गीतांत तोच परिपाठ ठेवला. जेथें रचना मुखोमुखीं फिरते आणि नांव लिहून ठेवणारा कोणी नसतो, तेथें रचनाकार आपलें नांव रचनेच्या आंतच बांधून ठेवतो. म्हणजे गीत जाईल तेथें नांवही जाईल. ह्यालाच आपण नाममुद्रा म्हणतों. मिरवणुकीच्या गाण्यांतील ती घोषणा ह्याच गरजेंतून आली आहे. तिच्यांत संतांची नम्रता नाहीं, काव्याचा डौल नाहीं. पण कारण तेंच आहे. कोणी विचारीत नाहीं, म्हणून तो मुलगा स्वतःच ओरडून सांगतो.

मग सुशिक्षित कुटुंबानें काय करावें? हें संगीत आवडलेंच पाहिजे असा आग्रह नाहीं. आवाज मर्यादेबाहेर गेला तर जरूर तक्रार करावी. परंतु मिरवणूक गेल्यावर दुसऱ्या दिवशीं, आपल्या घरांतील किंवा शेजारच्या ज्या मुलाच्या मोबाईलवर ती रचना असेल, त्याला ती मंद आवाजांत ऐकवावयास सांगावी. कोणी केली, मूळ गीत कोणाचें, कोणत्या वर्षीं केली, असें विचारावें. त्याला ठाऊक नसेल तर तो शोधून काढील. वडीलधाऱ्यांनीं विचारलें याचेंच त्याला अप्रूप वाटेल. जी रचना खरोखर चांगली असेल, तिची एक प्रत नांव आणि सालासह जपून ठेवावी. पूर्वीं घरोघरीं तबकड्यांच्या पाकिटांवर खरेदीची तारीख लिहून ठेवणारीं माणसें होतीं. त्यांच्याच काटेकोरपणामुळें जुन्या गायनाचा पुष्कळसा इतिहास आज हातीं लागतो.

दुसरी सूचना मंडळांच्या कार्यवाहांना. आपल्यापैकीं अनेक श्रोते गणेशोत्सवाच्या किंवा जयंतीच्या मंडळांत काम करतात, वर्गणी देतात, स्मरणिकेला जाहिरात देतात. त्या स्मरणिकेंत मूर्तिकाराचें नांव असतें, मंडप घालणाऱ्याचें असतें, रोषणाई करणाऱ्याचें असतें, प्रसादाचा खर्च उचलणाऱ्याचेंही असतें. त्याच पानावर एक ओळ वाढवावी: ह्या वर्षींच्या मिरवणुकींतील संगीतरचना अमक्याची, मूळ गीत तमक्याचें. ह्याला पैसा लागत नाहीं, परवाना लागत नाहीं. पुढील बैठकींत ही सूचना कोणी तरी मांडावी, आणि तिच्याबरोबरच आवाज मर्यादेंत ठेवण्याचीही मांडावी. ज्या तरुणाचें नांव स्मरणिकेंत छापलें जाणार आहे, त्याच्याशीं आवाजाबद्दल चार शब्द बोलणेंही मग सोपें जाईल, कारण त्या वेळेपर्यंत त्याची आपली ओळख झालेली असेल.